प्लॅन नंतर बघा, आधी दारातून आलेली वायर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला भाड्याचा टू-बीएचके, चौदावा मजला, नवरा-बायको दोघंही घरून काम करता. केबलवाल्याचं १५० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, निळी केबल दारावरून आत येऊन थेट राउटरला लागते. स्पीड टेस्ट रोज ९३-९४ दाखवते, तरी मीटिंग अडकते; रात्री जास्त, बेडरूममध्ये त्याहून जास्त. आता तीन जण मागे लागलेत. केबलवाला म्हणतो ‘फायबर करून देतो, ३०० घ्या’. एका मोठ्या कंपनीचा फायबर तुमच्या विंगमध्ये आलाय. तिसरा एअरफायबर लावून देतो म्हणतो. या तिघांत फरक काय, आणि ३०० चा प्लॅन घेतला तर अडकणं थांबेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बहुधा नाही. व्हिडिओ मीटिंगला जेमतेम तीन-चार एमबीपीएस लागतात. दोघांच्या दोन मीटिंगा, आईंची मोबाइलवरची सिरियल आणि मुलीचं यूट्यूब असं सगळं धरलं तरी तीसच्या आत भागतं. टीव्हीवर फोर-के लावलंत तर त्याचे पंधरा ते पंचवीस वेगळे. म्हणजे ९४ सुद्धा तुम्हाला पुरून उरतात. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी: तेवढे तीन-चार एमबीपीएस न तुटता, वेळेवर, जाताना आणि येताना दोन्हीकडे पोचतात का? हे प्लॅनच्या आकड्यावर कमी आणि वायर कुठून कशी येते यावर जास्त ठरतं.

मी २००४ पासून याच धंद्यात आहे. आधी कळव्यात केबल टीव्हीच्या तारा ओढल्या, मग एका इंटरनेटवाल्याकडे फायबरचं स्प्लायसिंग, म्हणजे तंतूला तंतू जोडायचं काम केलं, आता ठाण्यापासून खारघरपर्यंत सोसायट्यांची नेटवर्कची कामं घेतो. कंपनीचं नाव घेऊन सल्ला मी देत नाही, कारण एकच कंपनी ए विंगमध्ये सोन्यासारखी चालते आणि डी विंगमध्ये रडवते. डी विंगचा जॉइंट कुणी केला आणि कधी केला, एवढाच काय तो फरक.

आता तुमचा तो ९४ चा आकडा. तुम्ही तो सहज लिहून गेलात, पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. प्लॅन १५० चा असेल तर टेस्ट कधी १४०, कधी ११०, रात्री ७० अशी खालीवर व्हायला हवी. तुमची रोज त्याच आकड्याला येऊन टेकते. १०० चा पोर्ट पूर्ण भरून वाहत असला की टेस्टमध्ये ९४-९५च दिसतात, उरलेले पाच-सहा वेष्टनात जातात, कारण माहिती छोट्या पाकिटांत बांधून पाठवली जाते. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चाच स्विच (एका वायरीवरून अनेक घरांना वायरी देणारा डबा) बसलाय, किंवा तुमच्या राउटरचा पोर्ट १०० चा आहे (स्वस्त राउटरचे असतात), नाहीतर त्या निळ्या केबलमधल्या आठपैकी सगळ्या तारा नीट जोडलेल्या नाहीत. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे प्लगमध्ये तारा दाबून बसवताना, उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार आत बसली नाही, किंवा दाराच्या फटीत केबल चेपली, की दोन्ही टोकांची यंत्रं मुकाट्याने १०० वर उतरतात. लाल दिवा लागत नाही, कुणाचा फोन येत नाही, तुम्ही १५० चे पैसे भरत राहता. उद्या याच केबलवर ३०० घेतलंत तरी टेस्ट ९४च दाखवणार.

तुमच्याकडे आत्ता जे आहे त्याला आमच्यात नुसतं ‘लॅन’ म्हणतात. केबलवाला फायबर बिल्डिंगपर्यंत आणतो, एखाद्या जिन्यात किंवा गच्चीवरच्या डब्यात स्विच लावतो आणि तिथून घरोघर कॅट-फाइव्ह किंवा कॅट-सिक्स केबल सोडतो. यात मुळात वाईट काही नाही. केबल धड असेल, शंभर मीटरच्या आत असेल आणि स्विच गिगाबिटचा असेल तर ती फायबरइतकीच झकास चालते. अडचण येते ती जिन्यातल्या डब्यामुळे. त्याला वीज लागते. ती कुठून घेतलीय हे कुणी विचारत नाही. नौपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये अख्खी विंग तीन दिवस बंद होती. केबलवाल्याच्या पोराने वरपासून खालपर्यंत सगळे कनेक्टर बदलले. शेवटी कळलं की स्विचला वीज पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या घरातून दिली होती, आणि काकू गणपतीला कोकणात जाताना मेन स्विच पाडून गेल्या होत्या.

लॅनचा दुसरा शत्रू वळवाचा पाऊस. या गच्चीवरून त्या गच्चीवर तांब्याची केबल ओढलेली असली की मे-जूनमध्ये विजा कडाडायला लागल्यावर स्विचचे पोर्ट जळतात, आणि कधीकधी तुमच्या राउटरचाही. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी बिल्डिंग ते बिल्डिंग नेहमी फायबरच टाकायला सांगतो.

दोन जुने प्रकार भराभर उरकतो, कारण ते कुणी विकायला आलं तर ओळखता यावेत. एक टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून येणारं. आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, आणि तेव्हा ते फोन लावूनच मिळायचं. नेट चालू तर फोन एंगेज. पुढे एमटीएनएलच्या त्याच तारांवर डीएसएल आलं. फोनही चालू, नेटही चालू, मोठं अप्रूप होतं ते. पण एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग कमी, आणि अपलोड मुळातच तुटपुंजं. गंमत बघा, २००४ मध्ये सरकारी व्याख्येत २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. ती मर्यादा २ एमबीपीएसवर पोचायला जानेवारी २०२३ उजाडलं. दुसरा प्रकार केबल टीव्हीच्या जाड काळ्या कोअ‍ॅक्सवरून मोडेम लावून येणारा. डाउनलोड बरं मिळतं, पण एका भागातली सगळी घरं एकाच तारेवर वाटून घेतात, अपलोड कमी असतं आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तब्येत बिघडते. दुसरं काही मिळत असेल तर या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका.

आता फायबर. हा शब्द इतका ढिला झालाय की त्याला काही अर्थच उरलेला नाही. केबलवाला ‘फायबर करून देतो’ म्हणतो तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा: काच माझ्या घरात येणार की जिन्यात थांबणार? जिन्यात थांबत असेल तर आत्ताही तुमच्याकडे तेच आहे. घरात येणारं फायबर ओळखणं सोपं असतं. चपटी, बारीक, काळी किंवा पांढरी केबल आत येते, तिच्या टोकाला बहुधा हिरवा चौकोनी कनेक्टर असतो आणि तो एका छोट्या डब्यात खोचलेला असतो. त्या डब्याला कुणी ओएनटी म्हणतं, कुणी ओएनयू, गिऱ्हाईक सगळ्यालाच मोडेम म्हणतं. निळसर गोल केबल आणि टोकाला पारदर्शक आठ तारांचा प्लग असेल तर ते लॅन. बिलावर काहीही छापलेलं असो.

घरापर्यंतच्या फायबरची खुबी अशी की ऑपरेटरच्या ऑफिसापासून तुमच्या डब्यापर्यंत वाटेत वीज लागणारी एकही वस्तू नसते. एक तंतू निघतो, वाटेत स्प्लिटर येतात. स्प्लिटर म्हणजे प्रकाशाच्या वाटण्या करणारा काचेचा तुकडा, त्याला ना पंखा ना अडॅप्टर. आठात वाटणी, पुन्हा आठात वाटणी, अशी चौसष्ट घरं एका तंतूवर बसतात. बहुतेक ठिकाणी जी पद्धत वापरतात तिला जीपॉन म्हणतात. तिच्यात खाली येताना सगळ्यांना मिळून साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाताना १.२५ असतात. चौसष्टांनी एकाच क्षणी सगळा जोर लावला तर प्रत्येकाला खाली ३९ च्या आसपास येतील, पण तसं कधी होत नाही. त्यामुळे ‘फायबर शेअर्ड असतो हो’ असं सांगून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. शेअर्ड सगळंच असतं. विचारायचं ते पुढचं: ऑपरेटर वरून किती विकत घेतो आणि किती जणांत वाटतो? ते तो सांगणार नाही. म्हणून तुमच्या विंगेत ज्याच्याकडे आधीच ते कनेक्शन आहे त्याच्या घरी रविवारी रात्री दहाला चहाला जा आणि तिथे टेस्ट लावा. तेव्हा जे दिसेल तेच तुमचं नशीब. दिवसा अकराची टेस्ट काही सांगत नाही.

फायबर नाजूक असतो तो वाकवण्याच्या बाबतीत. तुटला तर कळतं, डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो. पण अर्धवट वाकला की छळतो. दोन वर्षांपूर्वी नेरूळला एका घरी गेलो होतो. तक्रार अशी की दुपारी चालतं, संध्याकाळी जातं, पुन्हा येतं. कंपनीचा मुलगा तीनदा येऊन राउटर बदलून गेला होता. मी कनेक्टर काढून पॉवर मीटरला, म्हणजे फायबरमधला उजेड मोजणाऱ्या यंत्राला लावला: उणे २९ डीबीएम (उणे जितकं मोठं तितका उजेड कमी). या डब्यांना साधारण उणे २७-२८ पर्यंतच दिसतं, आणि मी स्वतः उणे २५ च्या वर असल्याशिवाय घर सोडत नाही. उणे २७ म्हणजे किती, तर एका वॉटचा पाच लाखावा हिस्सा. एवढ्याशा उजेडावर तुमची मीटिंग चाललेली असते, आणि आकडा दर तीनने घसरला की तो निम्मा होतो. सोसायटीकडून डक्टची (केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची) चावी घेतली आणि एकेक मजला उघडत गेलो. सातव्या मजल्यावर कुणीतरी डीटीएचच्या जाड केबलींचा जुडगा करून प्लास्टिकच्या पट्टीने आवळला होता, आणि मधे हा बिचारा फायबर, खिळ्याला काटकोनात वळलेला. लाल लेझरचं पेन खालून मारलं तर त्या वळणावर केबलच्या आतून लालसर उजेड झिरपताना दिसला. पट्टी कापली, ओंजळीएवढं वेटोळं करून सैल सोडलं, वर येऊन मीटर लावला: उणे २१. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी का जायचं याचं कारण माझ्या अंदाजाने उन्हाने डक्ट तापणं, पण ते मी छातीठोकपणे सांगणार नाही.

यातून तुमच्या कामाचं एवढंच घ्या. फायबर लावायला मुलगा आला की त्याला सांगा, ‘भाऊ, पॉवर किती येतेय ते दाखव.’ त्याच्याकडे मीटर असतोच, नसला तर डब्याच्या सेटिंगमध्ये तो आकडा दिसतो. १८ ते २३ उणे असेल तर उत्तम. २६ असेल तर त्याला घरातून जाऊ देऊ नका. आज चालेल, पावसाळ्यात पडेल. दुसरं, हिरवा कनेक्टर हिरव्यातच गेला पाहिजे. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट. घाईत एकाला दुसरा जोडणारे महाभाग मी पाहिलेत. आणि घरातली केबल बेडच्या पायाखाली किंवा सरकत्या खिडकीच्या खाचेत घालू देऊ नका.

केबलवाल्याचा फायबर की मोठ्या कंपनीचा? इथे मी एका बाजूने बोलणार नाही, कारण दोन्ही अनुभव तितकेच खरे आहेत. केबलवाल्याचा मुलगा तुमच्या नाक्यावर बसतो. घोडबंदरला मेट्रोचं, नाल्याचं, सेवा रस्त्याचं काही ना काही खोदकाम चालूच असतं, आणि जेसीबीच्या एका दातात दहा ऑपरेटरांच्या केबली एकदम येतात. तेव्हा रात्री बाराला हेल्मेटला टॉर्च बांधून खड्ड्यात बसलेला असतो तो बहुतेक हाच. कंपनीच्या अ‍ॅपवर मात्र ‘४८ तासांत’ असं येतं. उलट कंपनीचा वरचा पाइप मोठा असतो, बिल नीट येतं, आणि केबलवाल्याचं त्याच्या भागीदाराशी भांडण झाल्यामुळे तुमचं नेट बंद पडत नाही. हसू नका, वागळे इस्टेटच्या बाजूला एका सोसायटीत हे झालेलं मी पाहिलंय. दोन भावांच्या वाटणीत स्विच एकाकडे आणि गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली होती. माझा साधा नियम: केबलवाल्याला वर्षाचे पैसे एकदम कधीच द्यायचे नाहीत, आणि कंपनीचं घेतलं तरी केबलवाल्याशी बोलणं तोडायचं नाही.

एअरफायबरच्या नावात फायबर आहे, तो टॉवरपर्यंतच. तिथून तुमच्या घरी येतं ते मोबाइलचंच फाइव्ह-जी. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक अँटेनाचा डबा, तिथून केबल आत, आत राउटर. आपल्याकडे फाइव्ह-जी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये एअरटेलने व जिओने या सेवा सुरू केल्या. त्यामुळे ज्या बिल्डिंगमध्ये सोसायटी नवी केबल ओढू देत नाही, किंवा उलव्यासारख्या ठिकाणी नव्या इमारतीला अजून फायबरच पोचलेला नाही, तिथे मोठी सोय झाली. दोन दिवसांत लागतं, घर बदललं तर सोबत नेता येतं.

पण एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या घरचं नेट आणि खाली रस्त्यावर रिक्षात बसून रील बघणारा, दोघांचा टॉवर एक. संध्याकाळी टॉवर भरला की वेग उतरतो, आणि त्यातही अपलोड आधी. याचं कारण असं की हे फाइव्ह-जी एकाच लहरीवर वेळ वाटून घेतं, आणि त्या वेळेतला मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक प्लॅनना महिन्याला १००० जीबीच्या आसपास मर्यादा होती, फायबरला त्याच्या तिपटीच्या वर. चौदाव्या मजल्याचं तुम्हाला वाटेल की उंचावर रेंज छान. तसं नेहमी होत नाही. टॉवरच्या अँटेना खाली रस्त्याकडे कललेल्या असतात. वरच्या मजल्यावर चार टॉवर एकदम दिसतात आणि डबा कुणाला धरावं यात गोंधळतो. तुमची खिडकी येऊरच्या डोंगराकडे असेल तर गोष्ट वेगळी, मुख्य रस्त्याकडे असेल तर वेगळी. लावण्याआधी त्याच कंपनीचं सिमकार्ड फाइव्ह-जी फोनमध्ये घालून रात्री नऊला त्याच खिडकीत टेस्ट करा. पावसाची फार काळजी नको, टाटा प्ले (आधीचं टाटा स्काय) पावसात जातं तसं हे सहसा जात नाही, कारण नेहमीच्या पट्ट्यांच्या लहरी पावसाला दाद देत नाहीत. फारच वरच्या, २६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर असाल तर देतात.

सॅटेलाइटचं कुणी सुचवलं असेल तर ठाण्यात त्याचा विचारही नको. जुने उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असतात, नुसतं जाऊन-येऊन अर्धा सेकंद जातो. नवे साडेपाचशे किलोमीटरवरचे खूप बरे, पण ते जव्हार-मोखाड्याच्या पाड्यासाठी. ज्याच्या दारात फायबर आहे त्याने आकाशाकडे बघायचं कारण नाही.

आता बेडरूम. इथे बाहेरच्या कुठल्याही वायरीचा दोष नाही. तुमचा राउटर मुख्य दाराच्या वर आहे, बेडरूम दुसऱ्या टोकाला, मधे आरसीसीची भिंत आणि शक्यता आहे की आरसा लावलेलं लोखंडी कपाट. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतीतून जातो, पण तिथे एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच, एक, सहा आणि अकरा. तुमच्या बिल्डिंगमधली शंभर-दीडशे घरं त्या तीन चॅनलवर एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतात, आणि रात्री सगळे घरी आले की गलका वाढतो. तुमचं ‘रात्री जास्त’ इथूनही येत असणार. ५ गिगाहर्ट्‌झ मोकळा आणि वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. दोष कुणाचा हे ठरवायची सोपी रीत: बेडरूममधून लॅपटॉपवर थेट तुमच्या राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा (पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो) आणि दोन मिनिटं बघा. सगळे आकडे पाचच्या आत असतील तर वाय-फाय निर्दोष. मधेच ८०, मग २००, मग एखादा गळाला, असं दिसलं तर तुमची मीटिंग घरातल्या घरात अडकतेय. इंटरनेटचा अजून संबंधही आलेला नाही.

यावर उपाय म्हणून लोक रिपीटर आणतात. तो आणू नका. जिथे रेंज अर्धी झालीय तिथे तो लावतात, तो अर्ध्याचंही अर्ध करून पुढे पाठवतो. राउटर घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये आणा आणि बेडरूमपर्यंत एक कॅट-सिक्स केबल स्कर्टिंगच्या कडेने नेऊन तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय सोडायला लावा. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, मालक ओरडतो. पण पट्टीच्या आतून नेलेली केबल जाताना काढून नेता येते. आणि जो जास्त मीटिंगा घेतो त्याच्या लॅपटॉपला सरळ वायर लावा. शंभर रुपयांच्या केबलने जे साधतं ते पाच हजारांच्या राउटरनेही साधत नाही.

अजून एक चोर म्हणजे अपलोड. फोन घरी येऊन चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतो. अपलोडची वाट तोंडापर्यंत भरली की तुमचा आवाज त्याच रांगेत मागे उभा राहतो आणि समोरचा म्हणतो, ‘यू आर ब्रेकिंग’. खाली-वर सारखा वेग देणारा प्लॅन असेल तर हे कमी होतं, म्हणून ३०० च्या आकड्यापेक्षा ‘अपलोड किती?’ हे विचारा.

आणि सगळं करूनही मिसेसच्या ऑफिसचा सर्व्हर जर्मनीत असेल तर थोडा उशीर राहणारच. इथून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद तर नुसते अंतराचेच, आणि समुद्राखालची केबल काही सरळ जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबली तुटल्या तेव्हा मला घोडबंदरहून फोन येत होते, ‘दादा, आमचा राउटर बघून जा.’ त्यात मी काय बघणार! याउलट ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. तिथे ठेवलेली वस्तू तुमच्यापर्यंत चार-पाच मिलिसेकंदांत येते. म्हणून एक अ‍ॅप पळतं आणि दुसरं रांगतं.

विजेचं विसरू नका. घरापर्यंतच्या फायबरला वाटेत वीज लागत नाही म्हणालो, पण तुमच्या डब्याला आणि राउटरला लागते. दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, साबणाच्या दोन वड्यांएवढा. घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. तेवढ्यावर महावितरणची दोन-तीन तासांची विश्रांती निघून जाते. लॅनवर असाल तर याचा उपयोग जिन्यातला डबा चालू असेपर्यंतच.

पैशाचं बोलायचं तर जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा: ४९९ चे ५८९ होतात. तुमचा करार अकरा महिन्यांचा असेल तर वर्षाच्या प्लॅनमध्ये ‘इन्स्टॉलेशन फुकट’च्या मोहात पडू नका, आधी घर बदललं तर काय हे लेखी घ्या. घरी कॅमेरे लावून बाहेरून थेट बघायचे असतील तर तसं आधी सांगा, कारण एअरफायबरवर आणि बऱ्याच फायबरवरही तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही. तो वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो.

तुमच्या जागी मी असतो तर विंगेत आलेला घरापर्यंतचा फायबर १०० चा घेतला असता, अपलोडही १०० असेल तरच, आणि आधी शेजाऱ्याकडे रात्रीची टेस्ट करून. राखीव म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये, हॉटस्पॉटसाठी. राखीव वायरच घ्यायची तर ती त्याच डक्टमधून आणि त्याच खांबावरून येत नाही ना ते बघा, नाहीतर जेसीबी दोन्ही एकदम उचलतो. तुमच्या दोघांपैकी एकाची नोकरी एक मीटिंग चुकली तर अडचणीत येण्यासारखी असेल तर एअरफायबर दुसरं कनेक्शन म्हणून ठेवा; एकुलतं एक म्हणून मी ठेवणार नाही.

पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. या शनिवारी आधी एवढं करा. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा, वाय-फाय बंद करा, टेस्ट घ्या. मग राउटर काढून ती निळी केबल थेट लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. इंटरनेट सुरू नाही झालं तरी तो आकडा दिसतो. आधी लॅपटॉपचा पोर्ट गिगाबिटचा आहे ना तेवढं तपासा. १००० दिसला तर दोष बहुधा तुमच्या राउटरच्या पोर्टचा. १०० दिसला तर केबलवाल्याच्या मुलाला बोलवा, दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे क्रिंप करायला सांगा आणि टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागताना स्वतः बघा. सातवा किंवा आठवा दिवा लागला नाही की तो म्हणेल, ‘इससे कुछ नहीं होता, साब.’ त्याला तिथेच बसवून ठेवा.